दाखल क्रमांक १५९

१८ ऑगस्ट २०२५ ला रघुजीराजे भोसल्यांची तलवार मुंबईत पोचली. लंडनला सोदबीजच्या लिलावात ती निघाली होती. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक, विमा असं सगळं धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. पातं युरोपीय बनावटीचं, म्हणून तिला 'फिरंग' म्हणायचं. मूठ मराठा घडणीची, आणि पात्यावर सोन्याने देवनागरीत नाव कोरलेलं. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीत ती लोकांना पाहायला ठेवली. त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर तलवारच होती.

आनंदच आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचा पाया घालणाऱ्या माणसाची तलवार सरकारने रीतसर पैसे मोजून विकत घेतली, हे फार वेळा घडत नाही.

आज लिहायचंय ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. हार घालून, फोटो काढून झाले की वस्तू संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जाते. तिथे एक माणूस एक जाडजूड वही उघडतो आणि एक ओळ लिहितो. त्या ओळीला क्रमांक पडतो. तो क्रमांक वस्तूवर, नजरेत न येणाऱ्या जागी, बारीक अक्षरात घातला जातो. त्या क्षणाला वस्तू खऱ्या अर्थाने 'दाखल' होते. या कामाला ढोलताशे नसतात, बातमी नसते. आणि माझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या कितीतरी मोलाच्या गोष्टी लुटीत किंवा आगीत जितक्या गेल्या, तितक्याच ही एक ओळ कोणी लिहिली नाही म्हणून गेल्या.

वहीत असतं तरी काय?

गावच्या वाचनालयात कधी बघायला मागा. 'दाखल नोंदवही' म्हणतात तिला. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, कोठून मिळालं (विकत घेतलं तर बिल नंबर, भेट आलं तर देणाऱ्याचं नाव), वर्गांक, आणि शेवटी 'बाद' आणि 'शेरा'. एका पुस्तकाला एक ओळ. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर पाच ओळी, पाच क्रमांक. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, मूळचं पुस्तक हरवलं तरीही. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर रेघ मारून शेजारी सही. मग पुस्तकावर शिक्का बसतो. एक नावाच्या पानावर, आणि एक आतल्या ठरलेल्या 'गुप्त पानावर'. पहिलं पान फाडून पुस्तक लांबवणाऱ्याला दुसरं पान कोणतं ते माहीत नसतं, म्हणून!

संग्रहालयात हेच, पण जास्त तपशिलाने. वस्तू कशाची, लांबी-रुंदी-वजन, अवस्था कशी, कुठे टवका गेलाय, कोणाकडून आली, कोणत्या हक्काने आली, फोटो. बऱ्याच ठिकाणी क्रमांकाचे तीन तुकडे असतात: साल, त्या सालातली कितवी आवक, आणि त्या आवकेतली कितवी वस्तू.

ऐकायला हे किराणा दुकानाच्या खतावणीसारखं वाटतं. आहेही तसंच. फरक इतकाच की दुकानाची खतावणी वर्षाखेरीला बंद होते, ही कधीच बंद होत नाही.

आता हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून आपल्या पुण्यातलंच एक उदाहरण घेऊ.

१८६६ पासून मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितं शोधून विकत घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांत ती योजना देशभर झाली. मुंबई इलाख्यात हे काम करणारी माणसं कॉलेजातले प्राध्यापक होती. एल्फिन्स्टनचे गेऑर्ग ब्यूलर, डेक्कन कॉलेजचे कीलहॉर्न, पुढे पीटर्सन आणि आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. ही मंडळी गावोगाव हिंडायची, शास्त्र्यांच्या घरी, जैन भांडारांत बसायची, पोथ्या बघायची. मिळाली तर विकत घ्यायची, विकत नाही तर नक्कल करून घ्यायची.

यात कौतुकाचा भाग शोधाचा आहेच. पण त्यांच्या शिस्तीकडे बघा. दर वर्षी जे मिळालं त्याची त्या वर्षाची यादी. यादीत प्रत्येक पोथीला क्रमांक. नाव काय, कर्ता कोण, पानं किती, ओळी किती, लिपी कोणती, नकलेचं साल असेल तर ते. आणि मग छापील अहवाल, म्हणजे सरकारी पैशाने काय घेतलं ते जगाने बघावं. त्यामुळे आजही या संग्रहातल्या पोथीचा पत्ता असा असतो: अमुक क्रमांक, अमुक साल. पेशवाई संपल्यावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतल्या पोथ्याही या संग्रहात आहेत, त्यांचा गट अजून 'विश्रामबाग' याच नावाने ओळखला जातो. पत्त्यातच इतिहास.

१८७५-७६ साली ब्यूलर काश्मीरला गेले. तिथून भूर्जपत्रांवरच्या, शारदा लिपीतल्या पोथ्या घेऊन आले. भूर्जपत्र म्हणजे झाडाची साल. नीट हाताळलं नाही की पापुद्रे सुटतात, कडा झडतात. त्यात महाभारताच्या आदिपर्वाची एक पोथी होती. अपुरी, पानं गळालेली. एखाद्या घाईतल्या माणसाने 'फाटके कागद, किरकोळ' असं म्हणून बाजूला टाकली असती. ब्यूलरांनी तिला क्रमांक दिला. १८७५-७६ चा क्रमांक १५९. १८७७ साली छापलेल्या अहवालाच्या यादीत ती आहे.

यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं ती पोथी कपाटात होती. हा सगळा संग्रह आधी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात, मग पुण्यात डेक्कन कॉलेजात. १९१७ साली भांडारकरांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघालं आणि १ एप्रिल १९१८ ला सरकारने हा सतरा हजारांवर पोथ्यांचा संग्रह संस्थेकडे सांभाळायला दिला. 'सांभाळायला' हा शब्द मुद्दाम वापरलाय. मालकी सरकारची, सांभाळ संस्थेचा. हाही भेद नोंदीमुळेच टिकला. नाहीतर तीन पिढ्यांनंतर कोणाचं काय हे सांगायला कोर्टात जावं लागलं असतं.

सतरा हजार पोथ्या येरवड्याहून नदी ओलांडून इकडे आल्या. आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, सांगा? जुनी यादी हातात घेऊन एकेक पोथी ताडून बघायची. नवे क्रमांक पाडायचा मोह होणं साहजिक असतं, नवी इमारत, नवी कपाटं, नवं सगळं. पण जुने क्रमांक ठेवले. पुढे परशुराम कृष्ण गोडे तिथे क्युरेटर झाले आणि १९६१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी हा संग्रह सांभाळला. गोड्यांचे लेख शेकड्यांनी आहेत. पण त्यांचा पगार ज्या कामाचा होता ते काम म्हणजे हे, पोथी आपल्या जागेवर आहे ना हे बघणं.

आणि मग १५९ चा दिवस उजाडला.

१९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं होतं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक झाले. देशभरातून महाभारताच्या पोथ्या गोळा करायच्या, शब्द न् शब्द ताडायचा, आणि मिळतं त्यातून जुन्यात जुना पाठ कोणता ते ठरवायचं. पोथ्यांची पानं ताडता ताडता सुखटणकरांच्या लक्षात आलं की काश्मिरी परंपरेचा पाठ सगळ्यात आटोपशीर आहे, मागाहून घातलेली भर त्यात कमी आहे. आणि आदिपर्वाच्या त्या परंपरेचा महत्त्वाचा साक्षीदार कोण? शारदा लिपीतली, भूर्जपत्राची, पानं गळालेली ती पोथी. संपादनात तिला 'श१' ही खूण मिळाली. प्रस्तावनेत सुखटणकरांनी तिची ओळख कशी करून दिली? मुंबई सरकारचा संग्रह, क्रमांक १५९, साल १८७५-७६. शिवाय ब्यूलरनी ती काश्मिरात विकत घेतली, त्यांच्या अहवालात ती अमुक पानावर आहे, हेही.

विचार करा. ज्याने क्रमांक दिला तो माणूस १८९८ साली वारला. ज्याला तो क्रमांक उपयोगी पडला, तो पोथी दाखल झाली तेव्हा जन्मलाही नव्हता. दोघांची गाठ कधी पडली नाही. मधल्या पन्नास वर्षांत पोथीने घरं बदलली, सांभाळणारे बदलले. तरी त्या पोथीबद्दल 'ही खरी काश्मीरची का? कुठून आली? आपल्यालाच मिळाली हे कशावरून?' असा प्रश्न कोणी विचारू शकलं नाही. कारण ओळ लिहिलेली होती. ती आवृत्ती १९६६ साली पुरी झाली आणि आज जगात कुठेही महाभारताचा अभ्यास करायचा तर ती समोर ठेवूनच करतात.

त्याच काश्मीरफेरीतली भूर्जपत्राची ऋग्वेदाची पोथीही भांडारकर संस्थेत आहे. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस पोथ्या २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदणीत गेल्या. म्हणजे नोंदीवर आणखी एक नोंद!

५ जानेवारी २००४ ला याच संस्थेत तोडफोड झाली. त्यामागचं राजकारण, वाद, सगळं इथे काढत नाही. पण त्या संध्याकाळी कपाटं पालथी होती, पुस्तकांचा जमिनीवर खच होता, आणि पुण्यातली साधी माणसं हातभार लावायला जमली होती. अशा ढिगाऱ्यातून काय शाबूत आहे, काय फाटलं, काय नाहीच, हे कोण सांगणार? तिथे तळमळ पुरत नाही. यादी लागते. हजारो ग्रंथ पुन्हा जागेवर लावायचे तर त्यांची जागा कुठेतरी लिहिलेली असावी लागते.

आता दुसरी बाजू. नोंद नसली की काय होतं?

इतिहासाचार्य राजवाडे याचं जितंजागतं उत्तर होते. वाईला सापडलेले पेशवाईतले कागद वाचून त्यांना कळलं की मराठ्यांचा इतिहास घराघरांतल्या दप्तरांत पडलाय. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. पुढची सगळी हयात गावं पालथी घालण्यात गेली. प्रत्येक कागदाला त्यांनी 'लेखांक' दिला. कागदांचा नाश कसा होतोय याबद्दल त्यांनी प्रस्तावनांमध्ये जळजळीत लिहिलंय. वाळवी, पाऊस, रद्दी, आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घरातल्यांचं 'काय करायचेत जुने कागद' हे वाक्य. १९१० साली त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, ते मुख्यतः यासाठी की एका माणसाच्या पडशीत असलेला कागद संस्थेच्या दप्तरात यावा. माणूस जातो, त्याची पडशी कोण उघडणार? राजवाड्यांचं पुढे मंडळाशीही बिनसलं, ते धुळ्याला गेले, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. तरी त्यांचे कागद वाऱ्यावर गेले नाहीत. धुळ्यात लोकांनी लगेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं आणि ते दप्तर तिथे जपलं गेलं. सगळ्यांच्या नशिबी धुळेकर नसतात.

शंकर गणेश दाते यांचं नाव आज फारसं कोणी घेत नाही. त्यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी पुस्तकांची सूची दोन भागांत केली. मराठीत काय काय छापलं गेलं हे आज आपण छातीठोकपणे सांगतो ते त्या माणसामुळे. आणि अशी सूची करणाऱ्याला आधार कशाचा? जिथे पुस्तकं दाखल झाली आणि नोंदली गेली, त्या ग्रंथालयांचा. १८६७ च्या कायद्याने सरकारकडे पुस्तकं जमा व्हायची आणि त्यांच्या याद्या छापल्या जायच्या, त्या याद्यांचा. जे कुठेच दाखल झालं नाही, ते पुस्तक छापलं गेलं असलं तरी इतिहासाच्या दृष्टीने नाहीच.

इथे एक कायदा सांगून ठेवतो, कारण आपल्यात लिहिणारे-छापणारे बरेच आहेत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने नवं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत त्याची प्रत स्वखर्चाने ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाऊन हॉलचं मध्यवर्ती ग्रंथालय. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत. पन्नास रुपये! म्हणून कोणी घाबरत नाही. पण स्वतःच्या पैशाने कवितासंग्रह काढणाऱ्या, गावाचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाने दंडासाठी नव्हे, स्वतःच्या पुस्तकासाठी हे करावं. समारंभात वाटलेल्या दोनशे प्रती वीस वर्षांत कुठे जातात ते आपल्याला माहीत आहे.

आता वाघनखांकडे येऊ. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली, पुढे नागपूरला गेली. बऱ्याच जणांचा समज झाला की ती आपल्याला परत मिळाली. नाही. ती तीन वर्षांच्या मुदतीवर, उसनी आहेत. उसन्या वस्तूला आपल्या वहीत दाखल क्रमांक पडत नाही. तिची वेगळी नोंद होते, परतीच्या तारखेसकट. तलवार आणि वाघनखं यांत हा मूळ फरक आहे. एक आपली झाली, दुसरी पाहुणी. दोन्हीचं स्वागत सारखंच झालं, म्हणून हा फरक झाकला गेला.

वाघनखांच्या बाबतीत त्या संग्रहालयाची नोंद मात्र वाचण्यासारखी आहे. ती ग्रँट डफच्या वंशजांकडून आली. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्याला रेसिडेंट होता, हे पक्कं. वाघनखांच्या पेटीवर मजकूर आहे की शिवाजी महाराजांनी मुघल सेनापतीला मारलं ती हीच वाघनखं, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफला दिली. आता हा मजकूर आपल्याकडचा पाचवीतला मुलगाही दुरुस्त करेल. अफझलखान मुघलांचा नव्हे, आदिलशाहीचा सरदार. संग्रहालयाने काय केलं? पेटीवरचा मजकूर जसाच्या तसा नोंदवला आणि शेजारी लिहिलं की महाराजांनी वापरली ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही.

यावर आपल्याकडे पुष्कळ वादावादी झाली. कोणाला तो अपमान वाटला, कोणाला राजकारणाचा मुद्दा मिळाला. मला विचाराल तर नोंद अशीच असावी. दाखल करणाऱ्याचं काम वस्तूचा जयजयकार करण्याचं नाही. कोणी दिली, देताना काय सांगितलं, त्यातलं आपण काय तपासू शकलो, इतकं त्याने लिहावं. ऐकीव ते ऐकीव म्हणून, पक्कं ते पक्कं म्हणून. उद्या एखादा नवा कागद सापडला तर तो याच नोंदीला जोडून उत्तर मिळेल. नोंदीतच खोटं ठोकून दिलं, तर मग खरी वस्तूसुद्धा संशयात सापडते.

रघुजींच्या तलवारीबद्दलही असंच. १८१७ ला सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकरांचा खजिना इंग्रजांच्या हाती लागला, तेव्हा ती गेली असावी असं म्हणतात. 'असावी'. तो शब्द तिच्या नोंदीतही तसाच राहू दे, एवढीच इच्छा.

आता मोठ्या गोष्टी सोडून आपल्या गल्लीत येतो.

पुण्यात वाडे पडतायत, जुने बंगले रिडेव्हलपमेंटला जातायत. आजोबांची पुस्तकं, आजीच्या हस्तलिखित ओव्यांच्या वह्या, पंचाच्या सहीचे कागद, तांब्याची भांडी. मुलं बाहेरगावी. मग शेवटच्या आठवड्यात कोणीतरी फोन करतं, 'लायब्ररीला द्यायचंय, माणूस पाठवा.' लायब्ररी म्हणते, 'सध्या घेत नाही.' आपल्याला राग येतो. ज्ञानाची किंमत नाही लोकांना, अशी पोस्ट पडते.

थोडं त्यांच्या टेबलाच्या बाजूने बघू. पाचशे पुस्तकं फुकट आली तरी ती दाखल करायला पाचशे ओळी लिहायच्या, पाचशे पुस्तकांवर शिक्के मारायचे, वर्गांक घालायचे, लेबलं लावायची, कपाट शोधायचं. वाळवी लागलेलं एक पुस्तक आलं तर आख्खं कपाट जातं. हे करायला माणूस किती? राज्यात अनुदान घेणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, १९६७ च्या कायद्याखालची, अ-ब-क-ड वर्गांतली. 'ड' वर्गातला ग्रंथपाल हा बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. दार उघडणं, झाडू मारणं, पेपर लावणं, पुस्तक देणं, सगळं तोच करतो. त्याला जे मिळतं त्यात घर चालत नाही. आपण त्याला पोतं देतो आणि म्हणतो, दान दिलं.

मग दुसरा प्रकार होतो, तो जास्त वाईट. भिडेखातर नाही म्हणवत नाही, म्हणून पोतं घेतलं जातं. फोटो निघतो. पोतं जिन्याखाली जातं. नोंद होत नाही. दोन पावसाळ्यांनी ते रद्दीत निघतं. आणि ते कोणी विकलं, कितीला विकलं, हे विचारता येत नाही. कारण कागदोपत्री ते कधी आलंच नव्हतं! दाखल झालेलं पुस्तक काढून टाकायचं तर निर्लेखनाची रीत आहे. यादी करा, समितीपुढे ठेवा, ठराव करा, वहीत 'बाद' लिहा. नोंद न झालेलं पुस्तक मात्र एका माणसाच्या मर्जीने जातं.

याच्या उलट टोकाचाही रोग आपल्याकडे आहे, तोही लपवू नये. अनुदानाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या बघतात. त्यामुळे काही ठिकाणी वही फुगली आणि कपाटं रिकामी राहिली. २०१२ साली महसूल खात्यामार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली ती उगाच नाही. कागदावर चालणाऱ्या ग्रंथालयांमुळे खरं काम करणाऱ्यांकडेही संशयाने बघितलं गेलं. वहीतली ओळ आणि कपाटातलं पुस्तक, दोन्ही एकमेकांना साक्षी असले पाहिजेत. एक असून दुसरं नाही, तर ते चोरीचंच रूप. कुठल्या बाजूने चोरी, एवढाच प्रश्न.

शेतात, पाया खोदताना नाणी-मूर्ती सापडतात, तिथेही हेच. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक भीतीने किंवा लोभाने कळवत नाहीत, नाणी सोनाराकडे जातात आणि वितळतात. एका हंड्यातल्या नाण्यांची किंमत चांदीच्या वजनात नसते. ती कुठल्या गावात, कशाबरोबर, किती खोल सापडली यात असते. दाखल नोंदीतलं 'प्राप्तिस्थळ' कोरं राहिलं की नाणं उरतं, इतिहास जातो.

मग आपण काय करायचं? मोर्चा काढायचा विषय नाही हा. चार साध्या गोष्टी.

एक. काही द्यायचं असेल तर आधी विचारा, यादी पाठवा. संस्था 'यातलं एवढंच घेऊ' म्हणाली तर राग मानू नका. निवडून घेणारी संस्था पुढे सांभाळण्याचीही शक्यता जास्त.

दोन. वस्तूबरोबर तिची हकीकत लिहून द्या. कोणाची, घरात कधी आली, कोणत्या गावची. माहीत आहे ते माहीत आहे, ऐकलंय ते ऐकलंय, असं वेगळं लिहा. हे तुम्ही नाही लिहिलंत तर पुन्हा कोणीच लिहू शकणार नाही. शंभर वर्षांवरची वस्तू किंवा पंचाहत्तर वर्षांवरचं हस्तलिखित असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, तेव्हा विकायच्या आधी चौकशी करा.

तीन. दानपत्र दोन प्रतींत करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. आणि दोन-तीन महिन्यांनी जाऊन विचारा, 'दाखल क्रमांक काय पडला?' हा प्रश्न उद्धट नाही. दात्याचा तो हक्क आहे. पावती घेतल्याशिवाय आपण मंडळाची वर्गणी देतो का?

चार. ज्या ग्रंथालयाचे सभासद आहात त्याच्या वार्षिक सभेला जा. चहा-बिस्किटांच्या आधी एवढंच विचारा: यंदा किती पुस्तकं दाखल झाली, किती बाद झाली, साठा पडताळणी शेवटची कधी झाली? उत्तर नसेल तर ओरडू नका. रविवारी दोन तास देतो म्हणा. क्रमांक वाचणारा एक, कपाटात बघणारा एक, अशी जोडी बसली तर छोट्या ग्रंथालयाची पडताळणी काही रविवारांत उरकते. पैसे लागत नाहीत. देणगी द्यायचीच असेल तर कपाटाला नाव घालण्याऐवजी नोंदी करणाऱ्या माणसाचा सहा महिन्यांचा पगार द्या.

सरकारकडे मागायचं तेही हेच. तलवारीला ४७ लाख देता, उत्तम. त्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शासकीय संग्रहालयांत जे आधीच आहे, त्याच्या दाखल नोंदवह्या सगळ्यांना बघता येतील अशा खुल्या करा. ब्यूलर-भांडारकरांच्या काळात परक्या सरकारने दरवर्षी काय घेतलं ते छापून जाहीर केलं होतं. आपल्या सरकारने दीडशे वर्षांनी निदान तेवढं तरी करावं, ही मागणी जास्त नाही.

आदिपर्वाच्या त्या पोथीची पानं अजून झडतच असतील, झाडाची साल ती, किती दिवस टिकणार? पण उद्या ती पुरती संपली तरी ती होती, काय होती, कुठून आली आणि तिच्यात काय लिहिलं होतं हे सगळं आपल्याकडे आहे. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेबद्दल असं म्हणता येईल का?

या रविवारी ट्रंक उघडा. कागद बाहेर काढायच्या आधी यादी करा. क्रमांक एकपासून.

(वाचलंत तर आपल्या गावच्या वाचनालयाच्या ग्रुपवर जरूर टाका. आणि तुमच्या ग्रंथालयात जुनी, पहिली दाखल नोंदवही अजून असेल तर तिच्यातलं पहिलं पुस्तक कोणतं ते कमेंटमध्ये सांगा. एक छान यादी होईल.)